आरोपाचं इंग्रजी

गायकर सरांकडे तक्रार लिहून घ्यायला कोणी आलं, की बाकावर टेकायच्या आत सांगायला सुरुवात करायचं. काय गेलं, कोणी नेलं, नेणाऱ्याच्या बापानं पूर्वी काय काय केलं होतं. सर त्याला थांबवत. हातातल्या अडकित्त्यात रोठा सुपारी धरलेली असे.

"ते नंतर. आधी सांगा, तुम्हाला त्या माणसाचं करायचंय काय? समज द्यायची, नोकरी घालवायची, की आत बसवायचा?"

माणूस गडबडायचा. इतका सरळ विचार त्यानं केलेला नसायचा. सर मग समजावून सांगत, की इंग्रजीत या तिन्ही कामांना वेगळे शब्द आहेत, आणि तुम्ही मन ठरवल्याशिवाय मला शब्द ठरवता येणार नाही. पुढं माणूस बोलत राही आणि अडकित्ता कुटकुट चालू राही. तो थांबला की मी टाईप करायला बोटं सरसावायची. अडकित्ता थांबला म्हणजे सरांना शब्द मिळाला.

तालुक्याच्या कोर्टासमोर वकिलांनी पत्र्याची शेड घातलेली आहे. तिच्या एका टोकाला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान, आणि दुकानाला लागून सरांचं टेबल. शाळेतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं ते तिथं बसले. घर पलीकडं, बोर्ली पंचतनला. रोज सकाळी दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचे आणि मिळेल त्या गाडीनं यायचे. मराठीतले अर्ज लिहिणारे शेडमध्ये आणखी तिघे होते. पण रिसॉर्टांची ऑफिसं मुंबईला, बंदरावरचे साहेब कुठले कुठले, बोटीवर गेलेल्या मुलांच्या एजन्सी परमुलखात. इंग्रजी कागद गेला की उत्तर येतं अशी लोकांची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

मी त्यांची विद्यार्थिनी. शाळेत असताना त्यांना सगळे घाबरायचे, पण ते मारत नसत. आम्ही नववीत असताना वर्गातल्या एका मुलीची नवी कंपासपेटी गेली. संशय अनंत भोईरवर होता. सरांनी त्याला उभं केलं नाही, दप्तर तपासलं नाही. फळ्याकडं वळले आणि म्हणाले, "आज प्रिपोझिशन शिकू."

मग त्यांनी सुरेख अक्षरात एकाखाली एक वाक्यं लिहिली. अनंत इज सस्पेक्टेड ऑफ थेफ्ट. अनंत इज अक्यूज्ड ऑफ थेफ्ट. अनंत इज चार्ज्ड विथ थेफ्ट. अनंत इज कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट. प्रत्येक वाक्याला थांबून, वर्गाकडं वळून, फरक सांगितला. पहिल्यात नुसता संशय. दुसऱ्यात तोंडावर आरोप. तिसऱ्यात सरकारनं ठेवलेला आरोप, आणि तिथं 'ऑफ' जाऊन 'विथ' येतो, हे विसरलात तर अर्धा मार्क गेला. चौथ्यात गुन्हा शाबीत. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. अनंतनंही घेतलं. त्याला घ्यावंच लागलं. खाली मान घालून स्वतःचं नाव त्यानं चार वेळा लिहिलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, निर्दोष सुटला तर?"

"अक्विटेड ऑफ," सर म्हणाले. "परीक्षेला येत नाही."

दुसऱ्या दिवशी कंपासपेटी त्या मुलीच्या बाकात आली. अनंतनंच घेतली होती. सरांना वाटलं, आपली पद्धत बरोबर ठरली. अनंतला मात्र त्या दिवसापासून 'चार्ज' हे नाव पडलं. तो आता चाळिशीत आहे, टेम्पो चालवतो, आणि अजून त्याला चार्ज भोईर म्हणतात. त्याच्या मुलांना वाटतं, मोबाईलच्या बॅटरीवरून काहीतरी असेल. त्यांना कोणी खरं सांगितलेलं नाही.

सर वाईट होते असं मात्र एका शब्दात म्हणता येणार नाही. तसं म्हटलेलं त्यांनाही चाललं नसतं. त्यांनी विचारलं असतं, "वाईट म्हणजे नेमकं काय?"

एकदा जनाबाई नावाची कोळीण तणतणत आली. तिचं नवं जाळं शेजाऱ्यानं नेलं होतं. शेजाऱ्याचा मुलगा बंदराच्या कंपनीत नुकता लागला होता, त्याच्या साहेबाला इंग्रजीत कळवायचं होतं, की चोराच्या मुलाला ठेवून घेतलंत.

"चोरलानच त्यानं, सर! मना म्हाईत हाय."

"नेताना बघितलंत?"

"बघाया कशाला पायजे? त्याचीच जात... त्याचीच रीत हाय ती."

"बघितलं नाही. मग 'चोरलं' येणार नाही. जाळं सापडत नाही, एवढंच येईल. आणि मुलाचं नाव तर येणारच नाही. मुलानं काय केलं?"

"तुमी त्याच्या बाजूचे हाव काय?"

"मी शब्दाच्या बाजूचा आहे."

जनाबाईनं त्यांना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. सर सुपारी कातरत राहिले. ती गेल्यावर मला म्हणाले, "वैशाली, शब्द हलका पडला तर दुसरा घालता येतो. जड पडला की माणूस गेला." जाळ्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही, पण त्या मुलाची नोकरी टिकली. आज तो तिथंच आहे. सरांनी आपल्याला वाचवलं हे त्याला माहीतही नाही.

अशा माणसाच्या हातून ते पत्र गेलं, म्हणून मला ते विसरता येत नाही.

समुद्राकडेच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आला. मुंबईचा, तरुण, इंग्रजी फाडफाड बोलणारा. एका पाहुण्या बाईंच्या हिऱ्याच्या कुड्या खोलीतून गेल्या होत्या. त्या मजल्याच्या खोल्यांची देखरेख शुभांगी शिगवण करायची. ही तळा तालुक्याच्या बाजूच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. मावशीकडे राहून आमच्याच शाळेत शिकलेली, म्हणजे सरांचीच विद्यार्थिनी. मॅनेजरनं स्वतः मसुदा करून आणला होता. त्यात होतं, की कुड्या सापडत नाहीत, त्या दिवशी ही कर्मचारी कामावर होती, कृपया चौकशी व्हावी.

सरांनी ठरलेला प्रश्न विचारला. काय करायचंय तिचं?

मॅनेजर म्हणाला, "सर, हेड ऑफिसला दाखवायला काहीतरी स्ट्राँग पाहिजे. गेस्ट बडी पार्टी आहे. माझं इंग्लिश बोलायचं आहे, लिहायचं नाही. तुमचं नाव ऐकून आलो. आमच्या लीगलवाल्यांना पण असं जमत नाही म्हणतात."

सर हसले. मी त्यांना गिऱ्हाइकासमोर हसताना फारसं पाहिलं नव्हतं. बारा वर्षांत त्यांच्याकडं जाळी, बांध, बकऱ्या, फुटलेली कौलं घेऊन माणसं आली होती. त्यांचं इंग्रजी वाचून समजेल असा माणूस समोर बसण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी लाल पेन्सिल काढली, मसुद्यातल्या दोन ओळी खोडल्या आणि मला सांगायला सुरुवात केली. अडकित्ता मध्येच थांबला. मग सावकाश, चव घेत, ते वाक्य आलं. 'द सेड एम्प्लॉयी अब्यूज्ड द ट्रस्ट रिपोज्ड इन हर अँड डिसऑनेस्टली रिमूव्ह्ड द आर्टिकल्स.' तिच्यावर टाकलेल्या विश्वासाचा गैरवापर करून तिनं अप्रामाणिकपणे वस्तू काढून नेल्या.

"सर," मी म्हटलं, "कोणी बघितलंय का?"

त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की कळलं, कारण त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मॅनेजर म्हणाला, "वा! काय लाईन आहे!" आणि सर म्हणाले, "प्रिंट काढ."

मॅनेजरनं अकरा झेरॉक्स मागितल्या. किनाऱ्यावरच्या बाकीच्या रिसॉर्टांना पाठवायच्या होत्या. त्या मी काढल्या. मीच काढल्या.

पुढचं मला शुभांगीच्या मावशीकडून कळलं. पत्र पोलिसांकडंही गेलं होतं; त्यांनी तिला तीन दिवस रोज चौकशीला बोलावून बसवून ठेवलं. त्या वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, बोल, कुठं ठेवल्यास. मग गावी घराची झडती झाली. कणगीतलं वर्षाचं भात अंगणात ओतून हातांनी चाळलं. सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. तिचा बाप तुकाराम हा गावच्या सामायिक भांड्यांची खोली सांभाळायचा. लग्नाकार्याला टोप, परात, समई लागली की त्याच्याकडं माणूस जायचा, आणि वीस वर्षांत एक चमचा इकडचा तिकडं झाला नव्हता. झडतीच्या दुसऱ्या दिवशी चार माणसं आली आणि गोड बोलून चावी घेऊन गेली. म्हणाली, "तुमच्यावर संशय न्हाय, तुकारामभाऊ. पण लोकांची तोंडं हायत ना." तो मागच्या पडवीत जाऊन बसला, आणि त्यानंतर गावातल्या एकाही लग्नाला गेला नाही.

शुभांगीला कुठंच काम मिळेना. जिथं जाई तिथं तिच्या आधी तो कागद पोचलेला असे.

अडीच महिन्यांनी त्या पाहुण्या बाईंचा फोन आला. कुड्या त्यांच्या मेकअपच्या पाऊचच्या अस्तरात सापडल्या होत्या. अस्तर फाटलं होतं, म्हणे.

मॅनेजर पुन्हा आला. या वेळी हळू बोलत होता. "सर, असं काहीतरी द्या की सॉरी वाटेल, पण सॉरी नसेल. उद्या तिनं कोर्टात दाखवलं तर?"

मला वाटलं, सर त्याला उठवतील. त्यांनी सुपारी कातरली. मग मला सांगितलं, "लिही. द आर्टिकल्स हॅव्ह सिन्स बीन लोकेटेड." वस्तूंचा ठावठिकाणा लागला आहे. कोणी हरवल्या, कुणाकडं होत्या, कोणावर आळ आला, काही नाही. वाक्यात माणूसच नव्हता.

या पत्राच्या झेरॉक्स कोणी मागितल्या नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरानं शुभांगी शेडमध्ये आली. दुपारची वेळ होती, सर जेवून डबा धूत होते. ती बाकावर बसली नाही. पर्समधून पहिल्या पत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. घडीवर घडी पडून कागद कापडासारखा झाला होता.

"सर, हे मला वाचून दाखवा. मराठीत."

"तुला इंग्रजी येतं. मी शिकवलंय."

"थोडं येतं. तीन महिने सगळे मला हा कागद दाखवताहेत. नेमकं काय म्हटलंय ते मला कळू दे."

सरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. शब्दाला शब्द. एकही गाळला नाही, एकही मऊ केला नाही. 'अप्रामाणिकपणे' आला तेव्हासुद्धा आवाज हलला नाही. मला ते ऐकवेना. मी मशीनचं झाकण उघडून उगाच आत बघत राहिले.

"हे त्यांनी सांगितलं की तुम्ही घातलंत?"

"मी."

"त्यांनी काय लिहून आणलं होतं?"

"कुड्या सापडत नाहीत, असं."

"म्हणजे दुसरा शब्द होता."

"होता."

तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग बाकावर बसली, आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली, "मला एक तक्रार लिहून द्यायची आहे. इंग्रजीत. या शेडच्या वकील मंडळींना."

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्या."

मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. सर चिडतील, रडतील, माफी मागतील. सरांनी अडकित्ता उचलला.

"काय करायचंय त्या माणसाचं?" त्यांनी विचारलं.

"त्याला इथून उठवायचं."

"मग 'केअरलेस' चालणार नाही. निष्काळजीपणा सगळ्यांचाच असतो, समज देऊन सोडतील. 'रेकलेस' घालू. परिणाम माहीत असून बेपर्वाईनं."

"त्याच्याहून जड?"

"'मॅलिशस' आहे. द्वेषानं. पण ते खोटं होईल. माझा तुझ्यावर द्वेष नव्हता. तुझा मला चेहराही नीट आठवत नव्हता."

हे ऐकून तिनं ओठ दाबून धरले. चेहरा आठवत नव्हता हे तिला द्वेषापेक्षा जास्त लागलं, हे मला दिसलं. सरांना दिसलं नाही.

"मग काय होतं, सर? का घातलंत?"

अडकित्ता थांबला.

"वाक्य चांगलं झालं होतं," सर म्हणाले.

शेडमध्ये दुसऱ्या टोकाला कोणीतरी नोटरीशी हुज्जत घालत होतं. मग शुभांगी म्हणाली, "तसंच लिहा."

त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. गोपाळ महादेव गायकर यांनी, कोणताही पुरावा नाही हे माहीत असताना, केवळ एका वाक्याच्या हौसेपायी, बेपर्वाईनं माझ्यावर चोरीचा आरोप लिहिला. स्वतःचं पूर्ण नाव सांगताना त्यांनी स्पेलिंगही सांगितलं. प्रिंट काढल्यावर तिनं तेही मराठीत वाचून घेतलं आणि खाली मराठीत सही केली. जाताना त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "वैशालीताई, पहिल्या पत्राच्या किती प्रती काढल्या होत्यास?"

"अकरा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि गेली.

वकील मंडळींनी सरांना पत्र दिलं. टेबल उचलावं, असं. तेही इंग्रजीत होतं, कारण सरांना मराठीत लिहिणं त्यांना बरं वाटलं नसावं. सरांनी उभ्यानं वाचलं, लाल पेन्सिलनं त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, खाली 'मिळालं' म्हणून सही केली आणि शिपायाकडं परत दिलं. शिपाई बिचारा हसावं की नाही अशा तोंडानं गेला. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं होतं. मला फक्त म्हणाले, "शाई संपत आलीय तुझ्या मशीनची. अक्षर फिकं येतंय."

शुभांगीचं त्यातून काहीच सुटलं नाही. किनाऱ्यावर तिला काम मिळालं नाही ते नाहीच, ती पनवेलकडे कुठल्याशा दुकानात लागली. तुकारामला भांड्यांच्या खोलीची चावी परत मिळाली नाही. मावशीनं गावात विचारलं, तर म्हणाले, आता दिलीय दुसऱ्याला, त्याचा कशाला अपमान करायचा?

सरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. गेल्या थंडीत मी बहिणीकडे बोर्लीला निघाले होते. आगरदांड्याला फेरीबोट लागली, दिघीकडून आलेली माणसं आणि गाड्या उतरत होत्या, आम्ही बाजूनं चढत होतो. उतरणाऱ्यांत सर होते. दवाखान्याची फाईल काखेत, चाल मंदावलेली. मी हाक मारणार तेवढ्यात धक्क्यावर गलका झाला.

एका मोटारीतल्या बाईंचा फोन गेला होता. बोटीत त्यांच्या गाडीच्या उघड्या काचेजवळ डोक्यावर मोळी घेतलेला एक आदिवासी माणूस उभा होता, असं कोणीतरी सांगितलं, आणि पाचसहा जणांनी त्याला धक्क्यावरच अडवलं. तो "न्हाय साहेब, न्हाय साहेब" एवढंच म्हणत होता. सर शेजारूनच चालले होते. स्वच्छ पांढरा सदरा बघून बाईंनी त्यांनाच गाठलं आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही याला पाहिलंत का?

सर थांबले. माझ्यापासून वीसेक पावलांवर असतील. त्यांनी विचार केला. किती वेळ केला, माणसं वाट बघत राहिली. मग स्वच्छ, सावकाश म्हणाले, "आय सॉ हिम स्टँडिंग देअर. दॅट इज ऑल आय सॉ." तो तिथं उभा असलेला पाहिला, तेवढंच पाहिलं.

पण दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंचा नवरा ओरडला, "अंकलने देखा है! अंकलने देखा है इसको!"

पहिली थप्पड बसली तशी मोळी सुटून लाकडं घरंगळली. मग लाथा. सर मध्ये घुसायला बघत होते. "उभा! उभा म्हटलं मी! नुसता उभा!" असं ते मराठीत ओरडत होते, आणि त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एकानं त्यांना खांद्याला धरून अदबीनं बाजूला केलं. "तुम्ही व्हा बाजूला, आजोबा, तुमचं काम झालं."

बोटीचा चढण्या-उतरण्याचा फळा वर उचलला गेला आणि इंजिन सुरू झालं. धक्का मागं सरकायला लागला. फाईलमधले कागद पायांखाली पडले होते आणि सरांचा एक हात वर होता. आवाज आता येत नव्हता. तोंड हलताना दिसत होतं, तोच एक शब्द पुन्हा पुन्हा, आणि त्यांच्याकडं पाठ केलेली माणसं मारत होती.